एस_ओके ही नुसती पोचपावती असते

विंडोज मीडिया प्लेअरच्या पुट_यूआरएल या मेथडला अस्तित्वातच नसलेल्या फाइलचा पत्ता देऊन बघा. उत्तर येतं एस_ओके, म्हणजे ‘सगळं ठीक’. फाइल आहे पण तिचा कोडेक, म्हणजे ती उलगडून वाजवणारा भाग, मशीनवर नाही, तरी एस_ओके. फाइल ज्या पेन ड्राइव्हवर होती तो कुणीतरी काढून खिशात टाकलाय, तरी एस_ओके. सरकारी कचेरीत आवक खिडकीवर अर्ज दिला की शिक्का मारून पोच मिळते. त्या शिक्क्याचा अर्थ अर्ज मंजूर झाला असा कुणी घेत नाही. सी++ मधून हा प्लेअर चालवताना मात्र भलेभले तसा अर्थ घेतात, आणि पुढच्या ओळीत लगेच फाइलची लांबी विचारतात. ती शून्य येते. मग प्लेअरला शिव्या.

पुढचं सगळं एका उदाहरणाच्या आधाराने बघू. रेकॉर्ड केलेली मुलाखत ऐकत ऐकत टाइप करणाऱ्यासाठी एक छोटं टूल करायचंय. टाइप करणारा वर्डमध्ये आहे, आपला प्रोग्रॅम मागे चालू आहे. एफ४ दाबलं की थांबायचं किंवा सुरू व्हायचं, एफ३ दाबलं की तीन सेकंद मागे जायचं. एवढंच. या एवढ्याशा कामात कॉमचे, म्हणजे दुसऱ्याने बनवलेले ऑब्जेक्ट इंटरफेसमधून वापरण्याच्या विंडोजच्या पद्धतीचे, बहुतेक सगळे खड्डे लागतात.

कुठला प्लेअर

डब्ल्यूएमपी डॉट डीएलएल या फाइलमध्ये राहणारा जुना प्लेअर. २००० साली आलेल्या आवृत्ती ७ पासून या कंट्रोलचा क्लास आयडी बदललेला नाही: ६बीएफ५२ए५२ ने सुरू होतो तो. नेटवरच्या जुन्या उदाहरणात २२डी६एफ३१२ ने सुरू होणारा आयडी दिसला, तर ते पान बंद करा. तो त्याआधीच्या ६.४ चा आयडी आहे, आणि त्याचे इंटरफेसही निराळे आहेत. आवृत्ती १२ ही २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आली आणि तीच अजून चालू आहे. विंडोज ११ मध्ये ती ‘विंडोज मीडिया प्लेअर लेगसी’ या नावाने दिसते. शेजारी ‘मीडिया प्लेअर’ नावाचं जे नवं अॅप आहे त्याचा या इंटरफेसांशी काही संबंध नाही.

मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत हे सगळं आता ‘लेगसी’ म्हणून नोंदलेलं आहे, आणि नव्या कामाला मीडिया फाउंडेशन वापरा असा सल्ला आहे. विकायचं प्रॉडक्ट नव्याने लिहिताय तर तो सल्ला ऐकावा. पण ऑफिसातल्या ऑफिसात वापरायचं टूल असेल, किंवा आधीच्या एमएफसी (मायक्रोसॉफ्टची जुनी सी++ लायब्ररी) प्रोग्रॅममध्ये हा कंट्रोल बसलेलाच असेल, तर दोनेकशे ओळींत प्लेलिस्ट, टॅग, वेग, आवाज सगळं हातात देणारी ही गोष्ट सोडून देण्याचं काही कारण नाही.

विंडोजच्या एन आवृत्तीत मात्र हा प्लेअरच नसतो. युरोपियन कमिशनच्या २००४ च्या निर्णयानंतर ही आवृत्ती निघाली. तिथे को-क्रिएट-इन्स्टन्स, म्हणजे प्लेअरचा ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन, ८००४०१५४ हा कोड देतं, म्हणजे क्लास रजिस्टर नाही. यावर कोडमध्ये करण्यासारखं काही नाही. मीडिया फीचर पॅक टाका असा स्वच्छ संदेश दाखवावा आणि बाहेर पडावं.

हेडर दोन: डब्ल्यूएमपी डॉट एच आणि डब्ल्यूएमपीआयडीज डॉट एच. दोन्ही विंडोज एसडीकेबरोबर येतात. थेट डीएलएलवर हॅश-इम्पोर्ट मारून डब्ल्यूएमपीलिब हे नेमस्पेस तयार करून घेण्याचाही मार्ग आहे, आणि त्यात कोड सुटसुटीत दिसतो. पण ते रॅपर एचरिझल्ट (मेथडने परत दिलेला निकालाचा कोड, एस_ओके हा त्यातलाच एक) नापास झाला की एक्सेप्शन फेकतात, आणि इथे खऱ्या चुका एचरिझल्टमधून येतच नाहीत. ट्राय-कॅच लिहिल्याचं खोटं समाधान तेवढं मिळतं. हेडर आणि सीकॉम-पॉइंटर, म्हणजे काम संपल्यावर इंटरफेस आपणहून सोडणारा पॉइंटर, एवढ्यावर काम भागतं.

इंटरफेसच्या प्रत्येक नावाआधी आयडब्ल्यूएमपी ही चार अक्षरं असतात. पुढे ती दर वेळी लिहीत नाही.

थ्रेड आणि मेसेज लूप

हा कंट्रोल अपार्टमेंट थ्रेडेड आहे, म्हणजे ज्या थ्रेडवर तयार झाला त्याच थ्रेडवरून त्याला बोलवायचं. ज्या थ्रेडवर तो तयार करणार, त्या थ्रेडवर को-इनिशियलाइझ-ईएक्सला अपार्टमेंट-थ्रेडेड हा झेंडा द्यायचा. विंडोसकट बसवणार असाल तर त्याऐवजी ओले-इनिशियलाइझ बोलवा. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने आधीच तो थ्रेड मल्टिथ्रेडेड करून ठेवला असेल तर ८००१०१०६ मिळतं. हा कोड दुर्लक्षून पुढे जाऊ नका. प्लेअरसाठी वेगळा थ्रेड काढा.

अपार्टमेंटबरोबर मेसेज लूप येतो, आणि तिथेच पहिला घात होतो. सगळ्यांचा पहिला प्रयोग कन्सोल प्रोग्रॅमचा असतो: ऑब्जेक्ट केला, यूआरएल दिली, प्ले म्हटलं, आणि गाणं ऐकू यावं म्हणून स्लीपला दहा हजार मिलिसेकंद दिले. दहा सेकंद शांतता. प्लेअर आपली आतली कामं, म्हणजे फाइल उघडणं, अवस्था बदलणं, इव्हेंट पाठवणं, त्याच थ्रेडच्या मेसेज रांगेतून करतो, आणि आपण त्या थ्रेडला झोपवून ठेवलंय. स्लीप काढून नेहमीचा गेटमेसेज आणि डिस्पॅचमेसेजचा लूप टाका, तोच कोड वाजायला लागतो. मेसेजबरोबर आणखी कशाची वाट बघायची असेल तर एमएसजी-वेट-फॉर-मल्टिपल-ऑब्जेक्ट्स आहे.

दुसऱ्या थ्रेडवरून प्लेअरच्या पॉइंटरला हात लावायचा नाही. नशीब चांगलं असेल तर ८००१०१०ई, म्हणजे चुकीचा थ्रेड, असं उत्तर मिळतं. नशीब वाईट असेल तर काम होतं, आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर व्हायचं थांबतं. मार्शलिंगचे, म्हणजे एका थ्रेडचा पॉइंटर रीतसर दुसऱ्याकडे पोचवण्याचे, सोपस्कार करता येतात, पण आपल्याच विंडोला पोस्टमेसेज करणं फार सोपं, आणि पुढे एका महत्त्वाच्या जागी त्याचीच गरज लागणार आहे.

इंटरफेसांची नाती

प्लेअर हा कोअरपासून निघतो. कोअरकडून गेट_कंट्रोल्स, गेट_सेटिंग्ज, गेट_करंटमीडिया, गेट_एरर यांनी पुढचे पॉइंटर घ्यायचे. कंट्रोल्सकडे प्ले, पॉज, स्टॉप आणि वेळ. सेटिंग्जकडे आवाज, वेग, ऑटोस्टार्ट. मीडियाकडे नाव, लांबी, टॅग. इथवर सरळ आहे.

फसगत आकडेवाल्या नावांत आहे. प्लेअर४ हा प्लेअरपासून निघालेला असेल असं वाटतं. तसं नाही. प्लेअर आणि प्लेअर२ हे कोअरपासून, प्लेअर३ हा कोअर२ पासून आणि प्लेअर४ हा कोअर३ पासून निघतो. कोअर२ ने गेट_डीव्हीडी ही एक मेथड वाढवली. कोअर३ ने न्यूप्लेलिस्ट आणि न्यूमीडिया या आणखी दोन वाढवल्या. म्हणजे प्लेअरच्या व्ही-टेबलमध्ये (मेथडच्या पत्त्यांच्या तक्त्यात) कोअर संपल्या संपल्या गेट_एनेबल्ड बसलेलं असतं, आणि प्लेअर४ मध्ये नेमक्या त्या जागी गेट_डीव्हीडी. प्लेअरचा पॉइंटर सी पद्धतीने कास्ट करून प्लेअर४ म्हणून वापरलात की डीव्हीडी मागितल्यावर भलतीच मेथड धावते. कंपायलर हूं की चूं करत नाही. क्वेरी-इंटरफेसच करा, म्हणजे ऑब्जेक्टलाच तो इंटरफेस मागा. जुन्या मशीनवर नवा इंटरफेस नसेल तर ते ८०००४००२ देऊन प्रामाणिकपणे नाही म्हणतं.

विंडो हवी का

आपल्या टाइपिंगच्या टूलला चित्र नकोय. मग विंडो, साइट, होस्ट यांतलं काही नको. नुसतं को-क्रिएट-इन्स्टन्स, इन-प्रोसेस सर्व्हर, आणि प्लेअर४ चा पॉइंटर. आवाज व्यवस्थित येतो. मेसेज लूप मात्र तेव्हाही हवाच. विंडो नाही म्हणून मेसेज नाहीत असं नसतं.

चित्र हवं असेल तर एटीएलचा (कॉमसाठीची मायक्रोसॉफ्टची सी++ लायब्ररी) एटीएल-एएक्स-विन हा विंडो क्लास घ्या. ओले-क्लायंट-साइट, इन-प्लेस-साइट वगैरे स्वतः लिहिणं म्हणजे आठवडा घालवणं. एटीएल-एएक्स-विन-इनिट बोलवायचं, सीएएक्स-विंडो तयार करायची, क्रिएट-कंट्रोलला क्लास आयडीची स्ट्रिंग द्यायची आणि क्वेरी-कंट्रोलने प्लेअरचा पॉइंटर मागायचा. बाहेरच्या विंडोला क्लिप-चिल्ड्रन ही स्टाइल द्यायची राहिली तर आकार बदलताना चित्र लुकलुकतं. प्लेअरची स्वतःची बटणं नको असतील तर पुट_यूआयमोडला ‘नन’. टॅब आणि बाणांच्या कळा कंट्रोलपर्यंत पोचत नसतील तर मेसेज लूपमध्ये कळांचे मेसेज आधी त्या होस्ट विंडोला डब्ल्यूएम_फॉरवर्डएमएसजी म्हणून पाठवून बघायचे. होस्टने घेतला तर आपण तो पुढे डिस्पॅच करायचा नाही.

फाइल देण्याआधीच्या तीन ओळी

ऑटोस्टार्ट मुळात चालू असतो. म्हणजे यूआरएल दिली की प्लेअर आपणहून वाजायला लागतो. टाइप करणाऱ्याच्या कानात अचानक मुलाखत सुरू होऊ नये म्हणून यूआरएलच्या आधी पुट_ऑटोस्टार्ट बंद करायचं. त्याच झटक्यात पुट_एनेबलएररडायलॉग्जही बंद, म्हणजे प्लेअर चुकीच्या वेळी आपल्या प्रोग्रॅमवर स्वतःची खिडकी उघडणार नाही. आणि आवाज, ० ते १०० मध्ये.

होय-नाहीच्या किमती देताना व्हेरियंट_ट्रू आणि व्हेरियंट_फॉल्स वापरा. व्हेरियंट_ट्रू म्हणजे उणे १. सी++ मधला ट्रू म्हणजे १. दोन्हीही शून्य नसल्याने एरवी खपून जातं, पण परत आलेल्या उत्तराची ट्रूशी बरोबरीची तुलना केलीत की ती कायम खोटी ठरते. तुलना करायचीच तर व्हेरियंट_फॉल्सशी करा.

मराठी नावाच्या फाइली

पत्ता बीएसटीआर म्हणून जातो. बीएसटीआर म्हणजे रुंद अक्षरांची स्ट्रिंग, आणि तिच्या आधीच्या चार बाइटमध्ये लांबी. एल लावलेली साधी स्ट्रिंग थेट दिली तरी पुष्कळदा चालून जातं, कारण समोरच्याने लांबी वाचलेली नसते. ज्या दिवशी वाचेल त्या दिवशी मेमरीतला कचरा लांबी म्हणून घेईल. सीकॉम-बीएसटीआर वापरा, सोडवण्याची काळजीही तोच घेतो. एकच सीकॉम-बीएसटीआर दुसऱ्यांदा उत्तर घ्यायला दिलात तर डीबग बिल्ड असर्ट मारतो. त्याआधी एम्प्टी बोलवायचं.

‘आजीची मुलाखत’ अशा नावाची फाइल उघडत नाही ही तक्रार आली, तर प्लेअर जवळपास नेहमीच निर्दोष असतो. आपल्याकडेच कुठेतरी नाव अरुंद अक्षरांतून गेलेलं असतं. मेनला मिळालेल्या char प्रकारच्या पॉइंटरमध्ये देवनागरी अक्षरांची तोवर प्रश्नचिन्हं झालेली असतात, आणि प्रश्नचिन्हांतून नाव परत मिळवता येत नाही. डब्ल्यूमेन घ्या, किंवा गेट-कमांडलाइन-डब्ल्यू. नाव कोडमध्येच लिहिलं असेल तर सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवून कंपायलरला यूटीएफ-८ चा स्विच द्या.

टॅगचं दुखणं वेगळं. गेटआयटमइन्फोला ‘टायटल’ किंवा ‘ऑथर’ दिलं की गाण्याचं नाव आणि गायक मिळतो. जुन्या मराठी एमपी३ मध्ये ही नावं बरेचदा शिवाजी किंवा तत्सम फॉन्टच्या हिशेबाने भरलेली असतात. युनिकोडच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची खिचडी. ते प्लेअरने बिघडवलेलं नाही, त्याला तसंच मिळालंय.

इव्हेंट: खरं उत्तर इथे येतं

पोच आधी मिळाली, निकाल नंतर येतो, आणि तो इव्हेंटमधून येतो. प्लेअरकडून कनेक्शन-पॉइंट-कंटेनर मागायचा, फाइंड-कनेक्शन-पॉइंटला आधी इव्हेंट्स या इंटरफेसचा आयडी द्यायचा, तो मिळाला नाही तर ओसीएक्सइव्हेंट्स या डिस्पॅच इंटरफेसचा, आणि अॅडव्हाइज करायचं, म्हणजे इव्हेंट घेणारा आपला ऑब्जेक्ट (सिंक) जोडायचा. परत मिळालेली कुकी, म्हणजे या जोडणीचा क्रमांक, जपून ठेवायची.

अॅडव्हाइजने ८००४०२०२ दिलं तर आपल्या सिंकची क्वेरी-इंटरफेस तपासा. प्लेअर आपल्याला नेमक्या इव्हेंटच्या आयडीने हाक मारतो. आपण फक्त आयअननोन आणि आयडिस्पॅच या दोन नावांना ‘ओ’ देत असू, तर तो जोडणी नाकारतो.

पहिल्या मार्गात सगळ्या मेथड लिहाव्या लागतात. बहुतेक रिकाम्या राहतात, पण प्रकार पक्के असतात आणि कंपायलर चुका पकडतो. दुसऱ्या मार्गात एकटा इन्व्होक लिहायचा आणि क्रमांकावरून ओळखायचं: ५००१ म्हणजे उघडण्याची अवस्था बदलली, ५१०१ म्हणजे वाजण्याची अवस्था बदलली, ५२०२ म्हणजे जागा बदलली, ५५०१ म्हणजे चूक. इन्व्होकमध्ये आर्ग्युमेंट उलट्या क्रमाने येतात. ५२०२ बरोबर जुनी जागा आणि नवी जागा असे दोन आकडे येतात, तर अॅरेच्या शून्याव्या घरात नवी जागा असते आणि पहिल्या घरात जुनी. हे उलटं वाचलं की प्रोग्रॅम चालतो, क्रॅश होत नाही, फक्त पट्टीवरचा काटा उडी मारून परत जुन्या जागी येतो. सापडायला वेळ लागतो.

वाजण्याच्या अवस्थांचे आकडे पाठ झालेले बरे. १ थांबलेला, २ पॉज, ३ वाजतोय, ६ बफरिंग, ८ मीडिया संपला, ९ बदल चालू आहे, १० तयार. उघडण्याच्या अवस्थांत आपल्या कामाचा एकच, १३: मीडिया उघडला. लांबी, टॅग, चित्राची रुंदी-उंची हे सगळं १३ आल्यावर विचारायचं, त्याआधी नाही.

आता ती महत्त्वाची जागा. एक फाइल संपली की पुढची लावायची असते. ८ आल्यावर, त्या इव्हेंटच्या आतच, पुढचा पत्ता पुट_यूआरएलला द्यावा हे कुणालाही सुचतं. कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की इव्हेंटच्या आतून यूआरएल देऊ नका. हे लोक वाचत नाहीत, कारण एस_ओके मिळतं. होतं असं की ९ येतं, १० येतं आणि गाडी १० वरच उभी राहते. नवी फाइल तयार आहे, वाजत नाही. कारण समजायला सोपं आहे: प्लेअर जुनी फाइल आवरण्याच्या मधोमध आपल्याला हाक मारतोय, आणि आपण त्याच हाकेत त्याच्या पुढ्यात नवी टाकतोय. आपण परत फिरल्यावर तो उरलेली आवराआवर करतो, आणि त्यात आपला हुकूम वाहून जातो. उपाय एका ओळीचा आहे. इव्हेंटमध्ये फक्त आपल्या विंडोला डब्ल्यूएम_अॅप अधिक १ असा मेसेज पोस्ट करा आणि परत या. मेसेज रांगेतून आला की तिथे पुट_यूआरएल आणि प्ले. सेंडमेसेज चालणार नाही. तो त्याच हाकेच्या आत धावतो, म्हणजे दुखणं जिथल्या तिथे.

तीन सेकंद मागे

चालू वेळ दाखवायला इव्हेंट नाही. ५२०२ हा उडी मारल्यावर येतो, गाणं आपल्या चालीने पुढे सरकताना येत नाही. म्हणून टायमर लावून दर २०० ते २५० मिलिसेकंदांनी गेट_करंटपोझिशन विचारायचं. उत्तर सेकंदांत, डबल. त्याहून घाई करून उपयोग नाही, डोळ्याला फरक दिसत नाही.

एफ३ चा कोड तीन ओळींचा वाटतो: जागा विचारा, तीन वजा करा, शून्याखाली गेली तर शून्य धरा, परत द्या. एकदा दाबलं तर नीट चालतो. टाइप करणारा मात्र एफ३ तीनदा फटाफट दाबतो, त्याला नऊ सेकंद मागे जायचं असतं. पुट_करंटपोझिशनही पोचपावतीच देतं. उडी अजून मारली गेलेली नसते, तोवर दुसऱ्या दाबाला विचारलेली जागा जुनीच मिळू शकते. मग तिन्ही दाब त्याच जागेतून तीन वजा करतात आणि माणूस जेमतेम तीन सेकंद मागे जातो. म्हणून ‘कुठे जायचंय’ हा आकडा आपल्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. तो भरलेला असेल तर त्यातून वजा करायचं, रिकामा असेल तरच प्लेअरला विचारायचं. ५२०२ आला की रिकामा करायचा. तो आलाच नाही तर अर्ध्या सेकंदाने टायमरने रिकामा करायचा.

मागच्या वेळी सोडलेल्या जागेपासून सुरू करायचं असेल तर तीच गंमत. यूआरएल दिल्या दिल्या जागा दिली तर ती विरून जाते. आकडा बाजूला ठेवा, प्ले म्हणा, आणि पहिल्यांदा ३ ही अवस्था आली की द्या. तीसुद्धा पोस्ट केलेल्या मेसेजमधून दिलेली बरी.

कोड बरोबर असूनही तीन सेकंदांऐवजी कधी दोन, कधी पाच मागे जातंय का? फाइल बदलत्या बिटरेटची एमपी३ आहे का ते बघा. तिच्यात जागांची सूची नसेल तर कुठला सेकंद कुठल्या बाइटवर आहे याचा अंदाजच बांधावा लागतो. तास-दीड तासाच्या मुलाखतीत तो अंदाज चांगलाच हुकतो. स्थिर बिटरेटची एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही करून घेतली की हा प्रश्न मुळातून जातो.

हॉट-कीला रजिस्टर-हॉट-की. एफ३ वर्डमध्ये दुसऱ्या कामाची आहे आणि आपण ती सगळ्या मशीनवरून काढून घेतोय, हे वापरणाऱ्याला सांगा आणि बदलायची सोय ठेवा. एफ१२ घेऊ नका, ती डीबगरसाठी राखीव आहे. एफ४ धरून ठेवल्यावर पॉज-प्ले-पॉज अशी उचकी लागू नये म्हणून नो-रिपीट हा झेंडा द्या, विंडोज ७ पासून तो आहे. पॉज की प्ले हे ठरवताना आपण आधी काय सांगितलं होतं ते बघायचं नाही, अवस्था २ आहे की ३ ते बघायचं.

वेग सेटिंग्जमध्ये आहे, पुट_रेट. ०.७ वर बोलणं अजून समजतं. पण आधी सेटिंग्जच्याच गेट_आयझअव्हेलेबलला ‘रेट’ विचारून घ्या, सगळ्या फाइलींना तो मिळत नाही.

लायब्ररी घाण करू नका

चार फाइली ओळीने लावायच्या असतील तर कोअर३ चं न्यूप्लेलिस्ट आणि न्यूमीडिया वापरा. यांतून तयार होणारी यादी मेमरीत राहते. मीडियाकलेक्शनच्या अॅडने फाइल वापरणाऱ्याच्या लायब्ररीत शिरते, आणि प्लेलिस्टकलेक्शनच्या न्यूप्लेलिस्टने त्याच्या प्लेलिस्टांत एक खरीखुरी भर पडते. नाव सारखं असल्यामुळे हटकून चुकीचं उचललं जातं. महिन्याभराने वापरणाऱ्याच्या लायब्ररीत एकाच नावाच्या पन्नास याद्या. प्लेआयटमला द्यायचा मीडियाही चालू प्लेलिस्टमधूनच काढलेला हवा. त्याच पत्त्यावरून वेगळा बनवलेला चालत नाही.

चूक झाली तर

५५०१ आला की कोअरच्या गेट_एररकडून मोजणी घ्या, प्रत्येक आयटमचा कोड आणि वर्णन लॉगमध्ये लिहा आणि क्लिअरएररक्यू बोलवा, नाहीतर पुढच्या फाइलच्या वेळी जुन्या चुका पुन्हा वाचल्या जातील. सी००डी११९९ दिसलं तर फाइलचा प्रकार किंवा कोडेक चालत नाहीये. कोडेकबद्दल एक गोष्ट मनात ठेवा: हा प्लेअर आपल्याच प्रोसेसमध्ये चालतो. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटचाच कोडेक दिसतो, त्यामुळे ‘प्लेअरमध्ये वाजतं, तुमच्या टूलमध्ये नाही’ ही तक्रार खरी असू शकते. आणि एखादा फुकटचा कोडेक पडला तर तो आपला प्रोग्रॅम घेऊन पडतो.

आवरताना

बंद करताना होणारा क्रॅश बहुधा क्रमाचा असतो. सिंककडे प्लेअरचा पॉइंटर, प्लेअरकडे अॅडव्हाइजमुळे सिंकचा. दोघं एकमेकांना धरून बसलेले, म्हणून कुणाचाच आकडा शून्यावर येत नाही. आधी कुकी देऊन अनअॅडव्हाइज. मग टायमर आणि हॉट-की काढा, नाहीतर शेवटचा टिक मेलेल्या पॉइंटरवर येतो. मग स्टॉप, क्लोज. मग कंट्रोल्स, सेटिंग्ज, मीडिया हे सगळे पॉइंटर सोडा आणि सर्वांत शेवटी प्लेअरचा. त्यानंतर विंडो, आणि विंडोनंतर को-अनइनिशियलाइझ. ओले-इनिशियलाइझने सुरुवात केली असेल तर ओले-अनइनिशियलाइझ.

इतकं करूनही प्रोग्रॅम संपताना, अगदी मेनच्या शेवटच्या महिरपी कंसावर पडत असेल, तर सीकॉम-पॉइंटर कुठे जाहीर केलाय ते बघा. तो मेनच्या आत पण सगळ्यांत बाहेरच्या महिरपी कंसातच असेल तर त्याचा डिस्ट्रक्टर मेन संपल्यावर धावतो, म्हणजे को-अनइनिशियलाइझच्या नंतर. तोवर डब्ल्यूएमपी डॉट डीएलएल मेमरीतून गेलेली असते आणि रिलीज रिकाम्या जागेवर उडी मारतं. ग्लोबल पॉइंटरचं तेच. को-इनिशियलाइझ आणि को-अनइनिशियलाइझ यांच्यामध्ये आणखी एक महिरपी जोडी उघडा आणि सगळे पॉइंटर तिच्या आत ठेवा.